भाडोत्री सैनिकांच्या मासिकावर नोंद लिहिताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डर शहरातून, १९७५ साली ‘सोल्जर ऑफ फॉर्च्यून’ हे नियतकालिक निघाले. रॉबर्ट के. ब्राउन हा त्याचा संस्थापक आणि प्रकाशक. व्हिएतनाम युद्धात तो अमेरिकी सैन्याच्या विशेष दलात होता आणि पुढे राखीव दलातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाला. आपले नियतकालिक व्यावसायिक साहसवीरांसाठी आहे, असे मुखपृष्ठावरच छापलेले असे. आत बंदुकांची परीक्षणे, ऱ्होडेशिया, अफगाणिस्तान, एल साल्वादोर अशा ठिकाणांहून आलेले युद्धवृत्तांत आणि मागच्या पानांवर छोट्या जाहिराती. लोकांनी त्याला ‘भाडोत्री सैनिकांचे मासिक’ हेच नाव दिले आणि ते चिकटले.

कोशासाठी, पुरवणीसाठी किंवा एखाद्या प्रबंधातल्या प्रकरणासाठी या मासिकावर कुणी मराठीत लिहायला घेतले, किंवा आधी लिहिलेली नोंद दुरुस्त करायला घेतली, तर काय काय तपासावे यासाठी हा लेख आहे. विषय असा आहे की वाचक पहिल्या ओळीपासून खेचला जातो. खून, बंडाळ्या, आफ्रिकेतली युद्धे, कोट्यवधींच्या भरपाया, सगळे एकाच ठिकाणी. लिहिणाऱ्याचा हात त्यामुळेच सैल सुटतो.

आधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. या मासिकाबद्दल जे छापून आले आहे त्याचे दोन ढीग पडतात. एका ढिगात मासिकाने आणि त्याच्या माणसांनी स्वतःबद्दल सांगितलेले. दुसऱ्यात विरोधकांनी, वकिलांनी आणि हादरलेल्या वार्ताहरांनी लिहिलेले. एरवी आपण असे समजतो की मित्र आणि शत्रू दोघेही एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी असणार. इथे ती कसोटी चालत नाही. आम्ही जगभरच्या युद्धांत होतो, असे मासिकाला मिरवायचे होते आणि हे मासिक जगभरच्या युद्धांत होते, असा विरोधकांना आरोप करायचा होता. दोघांचाही कल मासिकाचा पसारा फुगवून दाखवण्याकडेच. म्हणून दोन्हीकडे एकच विधान सापडले तरी ते सिद्ध झाले असे धरू नका. दोन्ही बाजूंच्या बाहेर जाऊन, ज्याला त्यात काही कमवायचे किंवा गमवायचे नाही असा कागद शोधा.

हे हवेतले बोलणे वाटू नये म्हणून एक परिच्छेद समोर ठेवतो. तो मी नमुन्यादाखल रचला आहे, पण अशा वळणाची वाक्ये घाईने लिहिलेल्या नोंदींत हमखास येतात:

“१९७५ साली सुरू झालेल्या आणि लाखोंचा खप असलेल्या या मासिकाने ऱ्होडेशिया व अंगोला येथील युद्धांसाठी हजारो भाडोत्री सैनिक पुरवले. त्यातील जाहिरातींमुळे अनेक खून झाले. अखेर न्यायालयाने त्याला ९४ लाख डॉलरचा दंड ठोठावला आणि मासिक बंद पडले.”

तीनच वाक्ये आहेत. स्थापनेचे साल सोडले तर जवळपास प्रत्येक तुकडा दुरुस्त करावा लागतो.

खपापासून सुरुवात करू. अमुक इतका खप होता, असे नुसते लिहिणे निरर्थक आहे. छापलेल्या प्रती किती, विकलेल्या किती, वर्गणीदार किती, स्टॉलवरून गेलेल्या किती आणि एक प्रत चार जण वाचतात असे गृहीत धरून काढलेले वाचक किती, हे पाच वेगळे आकडे आहेत. जाहिरातदाराला दाखवण्यासाठी प्रकाशक त्यांतला सर्वांत मोठा पुढे करतो आणि या मासिकाने किती डोकी बिघडवली हे सांगणाराही तोच उचलतो. सुदैवाने अमेरिकेत एक चांगली सोय आहे. टपालाच्या सवलतीच्या दराने जाणाऱ्या नियतकालिकाला दरवर्षी मालकी आणि खपाचे निवेदन टपाल खात्याकडे द्यावे लागते आणि ते स्वतःच्या अंकातही छापावे लागते. आपल्याकडे वर्षानुवर्षे मासिकांच्या मार्चच्या अंकात ‘फॉर्म ४, नियम ८ पहा’ असे मालक, मुद्रक, प्रकाशकाचे निवेदन येत आले आहे, त्याचाच हा अमेरिकी भाऊबंद. फरक इतकाच की आपल्या फॉर्ममध्ये मालकी असते, खप नसतो. अमेरिकी निवेदनात मागच्या बारा महिन्यांची सरासरी आणि निवेदनाच्या जवळच्या एका अंकाचा आकडा असे दोन्ही असतात. ते साधारण वर्षअखेरीच्या अंकांत, मागच्या पानांवर बारीक टाइपात सापडते. तिथला आकडा घ्या, वर्ष लिहा, सरासरी की एका अंकाचा ते लिहा. तो हाती लागला नाही तर खपाचे वाक्य गाळा. नोंद त्याने लंगडी होत नाही.

आता मासिकाने स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टी. ब्राउनचे आत्मकथन २०१३ साली ‘आय अॅम सोल्जर ऑफ फॉर्च्यून’ या नावाने प्रसिद्ध झाले. ते वाचल्याशिवाय लिहू नये आणि त्याच एका पुस्तकावर नोंद उभीही करू नये. मासिक काढायची कल्पना कुठून आली, पैसा कसा उभा केला, सुरुवातीला ओमानच्या सुलतानाच्या सैन्यातल्या नोकरीची माहिती देणारे पत्रक कसे काढले, या गोष्टींसाठी संस्थापकाचा शब्द चालतो. मात्र तो त्याचा शब्द म्हणूनच मांडायचा. ओमानची पार्श्वभूमी स्वतंत्रपणे तपासता येते: सुलतान काबूसने १९७० साली वडिलांना पदच्युत केले आणि तेव्हा धोफार प्रांतात डाव्या बंडखोरांशी लढाई चालू होती. म्हणजे परदेशी लष्करी माणसांना तिथे मागणी होती, हे ब्राउनच्या शब्दाविनाही ठरते.

पण आत्मकथनातली किंवा जुन्या अंकांतली ‘आम्ही पहिल्यांदा’ या सुरावरची विधाने वेगळी काढून ठेवा. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य उतरल्यावर नव्या एके-७४ रायफलीची काडतुसे आपल्याच वार्ताहराने पहिल्यांदा बाहेर आणली, असे मासिक अभिमानाने सांगत आले आहे. ही गोष्ट कशी लिहावी? ‘मासिकाच्या म्हणण्यानुसार’ असे लिहून दावा नोंदवता येईल. ‘पहिल्यांदा’ हा शब्द तुमच्या स्वतःच्या वाक्यात यायचा असेल तर मात्र शस्त्रास्त्रांच्या इतिहासाचे असे पुस्तक हवे की ज्याचा लेखक मासिकाच्या पगारावर नव्हता आणि ज्याने मासिकाचा अंक हाच आधार धरलेला नाही. ही दुसरी अट बहुतेक जण विसरतात. तीन पुस्तकांत एकच गोष्ट असते, तिन्हींच्या तळटिपा उलगडत गेलो की शेवटी एकाच अंकाशी येऊन थांबतो. अशा तीन पुस्तकांचे वजन एका पुस्तकाइतकेच.

न्यायालयीन खटल्यांवर मात्र सावकाश लिहावे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात आणि सर्वांत चांगले कागदही तिथेच आहेत. मासिकाच्या छोट्या जाहिरातींत लोक आपल्या सेवा देऊ करत: अंगरक्षक, कुरियर, जोखमीची कामे. त्यांतल्या काही जाहिरातींतून पुढे खुनाच्या सुपाऱ्या ठरल्या आणि मृतांच्या नातेवाइकांनी मासिकावर नुकसानभरपाईचे दावे लावले. त्यांतले दोन खटले अपिलापर्यंत गेले. घाईत लिहिणारा दोहोंची खिचडी करतो. निकाल मात्र एकमेकांच्या उलट लागले.

पहिला आयमन विरुद्ध सोल्जर ऑफ फॉर्च्यून. १९८५ च्या फेब्रुवारीत टेक्सासमधल्या ब्रायन गावी एका स्त्रीचा खून झाला. मारेकऱ्याची जाहिरात १९८४ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या अंकांत आली होती आणि त्या स्त्रीच्या नवऱ्याने तीच पाहून त्याला गाठले होते. मार्च १९८८ मध्ये ह्यूस्टनच्या ज्युरीने १९ लाख डॉलर प्रत्यक्ष नुकसानीचे आणि ७५ लाख डॉलर दंडात्मक भरपाईचे, असे ९४ लाख डॉलर द्यायला सांगितले. बातमी सगळीकडे गाजली. आणि ऑगस्ट १९८९ मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो निकाल पूर्ण फिरवला. जाहिरातीचे शब्द संदिग्ध होते. माजी सैनिक, शस्त्रांचे जाणकार, जोखमीची कामे असा मजकूर होता. त्यातून सुपारीचा अर्थ काढून प्रत्येक जाहिरातीची छाननी करण्याचा बोजा प्रकाशकावर टाकता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. म्हणजे त्या ९४ लाखांतला एक डॉलरही या निकालानुसार द्यायचा राहिला नाही.

दुसरा ब्रॉन विरुद्ध सोल्जर ऑफ फॉर्च्यून. १९८५ च्याच ऑगस्टमध्ये अटलांटात एका उद्योजकाचा खून झाला आणि त्याचा मुलगा जखमी झाला. इथली जाहिरात वेगळी होती. तिच्या पहिल्याच शब्दांत बंदूक भाड्याने मिळेल असे म्हटले होते, पुढे गुप्ततेची हमी होती आणि कोणत्याही कामाचा विचार करू असे आश्वासन होते. खटला अलाबामातल्या फेडरल न्यायालयात चालला. ज्युरीने डिसेंबर १९९० मध्ये मृत्यूबद्दल २० लाख, मुलाच्या जखमांबद्दल ३ लाख ७५ हजार आणि दंडात्मक १ कोटी डॉलर दिले. न्यायाधीशांनी दंडात्मक रक्कम १ कोटीवरून २० लाखांवर आणली, तेव्हा बेरीज ४३ लाख ७५ हजार झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. जाहिरातीच्या शब्दांतच धोका उघड दिसत होता, वेगळी चौकशी न करताही सावध प्रकाशकाला तो कळायला हवा होता, असे कारण दिले.

आता वरच्या नमुना परिच्छेदातले वाक्य पुन्हा पाहा: ‘न्यायालयाने त्याला ९४ लाख डॉलरचा दंड ठोठावला.’ रकमेचा आकडा खरा आहे, वर्तमानपत्रात छापलाही होता, त्यामुळे तळटीप देता येते. तरीही वाक्य खोटे आहे, कारण तो निकाल टिकला नाही. शिवाय ‘दंड’ नव्हे, ‘नुकसानभरपाई’. हा फौजदारी खटला नव्हता. आणि ज्युरीने दिले, न्यायालयाने काढून घेतले. ते वाक्य असे व्हायला हवे: “टेक्सासमधील खटल्यात ज्युरीने १९८८ मध्ये दिलेली ९४ लाख डॉलरची भरपाई अपील न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली, अलाबामातील दुसऱ्या खटल्यात मात्र ४३ लाख ७५ हजार डॉलरचा निकाल १९९२ मध्ये अपिलातही कायम झाला.” लांबले खरे. पण त्यातला प्रत्येक शब्द निकालपत्रावर बोट ठेवून दाखवता येतो.

त्यासाठी निकालपत्रच वाचायचे, त्याची बातमी नव्हे. अमेरिकी फेडरल अपील न्यायालयांची निकालपत्रे सार्वजनिक असतात आणि त्यांचा पत्ता ठरलेला असतो. आयमनचा निकाल फेडरल रिपोर्टरच्या दुसऱ्या मालिकेत खंड ८८०, पृष्ठ ८३० वर सुरू होतो. ब्रॉनचा खंड ९६८, पृष्ठ १११० वर. तळटिपेत हा पत्ता दिलात की वाचक पाच मिनिटांत तुमचे वाक्य पडताळू शकतो. निकालपत्र वाचण्याचा आणखी एक लाभ असा की जाहिरातींचा प्रश्न किती मोठा होता याचे माप तिथे मिळते. आयमनच्या खटल्यात मासिकाच्या पहिल्या दशकातल्या सुमारे २,००० छोट्या जाहिरातींचा विचार झाला आणि त्यांतल्या अगदी मोजक्या जाहिरातींचा संबंध गुन्ह्यांशी किंवा कटांशी असल्याचा पुरावा पुढे आला. ‘अनेक खून झाले’ म्हणणाऱ्याने हे दोन्ही सांगायला हवे. मोजक्या जाहिरातींनी माणसे मेली, हे भयंकरच आहे. त्याला फुगवायची गरज नाही.

त्याच निकालपत्रात जाहिरातदाराची साक्ष आहे. आलेल्या फोनपैकी जवळजवळ ९० टक्के लोकांना बेकायदा कामच करून हवे होते, असे त्याने सांगितले. हा आकडा फार उद्धृत होतो, आणि बहुधा नुसताच: ‘जाहिरातींना प्रतिसाद देणाऱ्यांपैकी ९० टक्के लोक गुन्हेगारी कामासाठी फोन करत.’ बघा काय झाले. एका माणसाची, एका जाहिरातीबद्दलची, आठवणीतून काढलेली टक्केवारी सगळ्या मासिकाची होऊन बसली. तो माणूस खुनासाठी शिक्षा भोगत होता आणि दोष दुसऱ्या कुणाकडे सरकावा असे त्याला वाटणे स्वाभाविक होते. म्हणून त्याचा आकडा वापरूच नये असे नाही. पण तो कोणाचा आहे, कशाबद्दल आहे, कुठे सांगितला, हे त्याच वाक्यात आले पाहिजे. निम्मी माहिती पुढच्या परिच्छेदात ढकलली तर ती कुणी वाचत नाही.

अशा सेवांच्या जाहिराती मासिकाने १९८६ मध्ये बंद केल्या. ही तारीख नोंदीत असावी, कारण ती नसली की १९९२ चा निकाल वाचून वाचकाला वाटते, त्या जाहिराती तोवर चालूच होत्या.

‘हजारो भाडोत्री सैनिक पुरवले’ या वाक्यात ‘हजारो’पेक्षा ‘पुरवले’ जास्त घातक आहे. परदेशी सैन्यभरतीची माहिती छापणे, भरती अधिकाऱ्याची मुलाखत घेणे, पत्ता देणे हे एक. करार करून पैसे मोजून माणूस पाठवणे हे दुसरे. अमेरिकेच्या भूमीवर परदेशी सैन्यासाठी भरती करणे तिथल्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून या दोहोंमधली रेघ केवळ भाषेची नाही. मासिकाने पहिल्या प्रकारचे काम उघडपणे केले, ते त्याच्या अंकांत दिसते. ते अंकाच्या महिन्यासह, पृष्ठासह नोंदवा. त्यापुढचे काही म्हणायचे असेल तर त्या माणसाच्या कराराचा, चौकशीचा किंवा साक्षीचा आधार हवा.

अंगोलाच्या बाबतीत तर एक उदाहरण पुरेसे आहे. जून १९७६ मध्ये लुआंडात १३ परदेशी सैनिकांवर खटला चालला, चौघांना मृत्युदंड झाला आणि १० जुलैला गोळ्या घालण्यात आल्या. त्या चौघांत एक अमेरिकी होता. त्याने या मासिकात स्वतःची जाहिरात दिली होती. एका माणसाची ही कहाणी ठाम आधाराने सांगता येते. ती सांगावी आणि त्यावरून ‘अंगोलासाठी माणसे पुरवली’ अशी उडी मारू नये.

ऱ्होडेशियापाशी थोडे थांबायला हवे. तिथल्या अल्पसंख्य गोऱ्या सरकारच्या सैन्यात अमेरिकेसह अनेक देशांतले लोक दाखल झाले आणि या मासिकाने त्यांची बाजू उघडपणे उचलून धरली. त्या अमेरिकी लोकांना लेखक रॉबिन मूरने ‘क्रिपल्ड ईगल्स’ असे नाव दिले होते. पण ते नेमके भाडोत्री सैनिक होते का? जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधल्या ४७ व्या कलमात भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे आणि तिच्यात सहा अटी आहेत. लढण्यासाठी मुद्दाम भरती केलेला असणे, प्रत्यक्ष लढाईत भाग घेणे, त्याच दर्जाच्या सैनिकापेक्षा बराच जास्त मोबदला हा हेतू असणे, लढणाऱ्या देशाचा नागरिक किंवा रहिवासी नसणे, त्या देशाच्या सैन्याचा भाग नसणे, आणि दुसऱ्या कुठल्या राष्ट्राने अधिकृत कामावर धाडलेला नसणे. सहाच्या सहा एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. ऱ्होडेशियाच्या नियमित सैन्यात स्थानिकांच्याच पगारावर आणि सेवाशर्तींवर भरती झालेला परदेशी या व्याख्येत बसत नाही. तरीही आफ्रिकेतल्या मुक्तिचळवळींनी आणि अनेक वृत्तपत्रांनी त्यांना भाडोत्री म्हटले, आणि त्यामागचा राग समजण्यासारखा आहे. वर्णवर्चस्वासाठी लढायला समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला दुसरे काय म्हणायचे, असा तो प्रश्न होता. नोंदीत ‘परदेशी स्वयंसैनिक, ज्यांना विरोधक भाडोत्री सैनिक म्हणत’ असे लिहिले तर कुणावर अन्याय होत नाही आणि वाद होता हेही वाचकाला कळते. माझ्या मते ‘भाडोत्री’ हा या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे आणि तो शीर्षकापासून शेवटपर्यंत एकाच काळजीने वापरायला हवा.

मराठी वाचकाला विषय जवळचा वाटावा म्हणून लिहिणाऱ्याला एक घटना हमखास आठवते. २५ नोव्हेंबर १९८१ रोजी भाडोत्री सैनिकांचा म्होरक्या माइक होअर आणि त्याची माणसे सेशेल्समधले सरकार उलथवायला गेली, विमानतळावरच बिंग फुटले आणि पळण्यासाठी त्यांनी सॉल्सबरीहून सेशेल्समार्गे मुंबईला निघालेले एअर इंडियाचे विमान दरबानला पळवून नेले. घटना खरी, मुंबईशी संबंधही खरा. त्या दिवसांची मुंबईची वृत्तपत्रे हा त्यासाठी उत्तम स्रोत आहे आणि परदेशी लेखकांनी तो फारसा वापरलेला नाही. पण ती नोंद होअरची किंवा त्या कटाची. मासिकावरच्या नोंदीत ती आणायची तर मासिकाचा त्या कटाशी नेमका काय संबंध, हे दाखवणारा कागद हवा. भाडोत्री सैनिकांबद्दल जे जे ठाऊक आहे ते सगळे एका मासिकाच्या खाती मांडणे ही या विषयातली जुनी खोड आहे.

तीच गोष्ट पॅलाडिन प्रेसची. सुपारी घेऊन खून कसा करावा हे सांगणारे ‘हिट मॅन’ हे पुस्तक १९८३ साली पॅलाडिनने काढले. त्याच्या आधाराने १९९३ मध्ये मेरीलँडमध्ये तीन खून झाले. प्रकाशकावरचा दावा चालू शकतो, असे १९९७ मध्ये चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाने ठरवले आणि १९९९ मध्ये तडजोड झाली. पॅलाडिनही बोल्डरचीच, आणि तिच्या संस्थापकांत ब्राउन होता. म्हणून हा खटला मासिकाच्या नोंदीत शिरतो. पण मासिक निघण्यापूर्वीच ब्राउन त्या प्रकाशनसंस्थेतून बाहेर पडला होता. खटला तिचा आहे, मासिकाचा नाही.

नावसाधर्म्याचा त्रासही आहे. याच नावाचा क्लार्क गेबलचा चित्रपट १९५५ चा, म्हणजे मासिकाच्या वीस वर्षे आधीचा. २००० साली आलेला व्हिडिओ गेम मात्र मासिकाकडून नाव घेऊनच काढलेला. शोधताना १९७५ च्या आधीचे काहीही सापडले तर ते दुसरेच आहे, एवढे लक्षात ठेवले की बराच कचरा बाजूला होतो.

देवनागरीत लिहिताना दोन-तीन जागा जपाव्यात. प्रकाशक ब्राउन आणि मासिकाविरुद्धचा वादी ब्रॉन यांची इंग्रजी नावे वेगळी आहेत, पण बेफिकीरपणे लिहिली तर दोघेही ‘ब्राउन’ होतात आणि ब्राउनने ब्राउनवर दावा लावल्यासारखे दिसते. एकच लेखन ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. मिलियनचे लाख करताना शून्य निसटते, म्हणून रक्कम आधी पूर्ण अंकांत लिहून मग वाचा. लेफ्टनंट कर्नलला नुसते ‘कर्नल’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बोलण्यात चालेल, नोंदीत हुद्दा पूर्ण हवा. आणि सुरुवातीला हे नियतकालिक त्रैमासिक होते, त्यामुळे जुन्या अंकांवर महिना नसून ऋतू छापलेला असतो. ‘उन्हाळा १९७५’ असेच लिहा, अंदाजाने जून करू नका. अमेरिकी मासिकांचा अंक त्यावर छापलेल्या महिन्याच्या आधीच बाजारात येतो, हेही घटनाक्रम लावताना विसरू नये.

विश्लेषणासाठी दोन पुस्तके जवळ ठेवावीत. जेम्स विल्यम गिब्सनचे ‘वॉरियर ड्रीम्स’ (१९९४) व्हिएतनामनंतरच्या अमेरिकेतल्या निमलष्करी संस्कृतीबद्दल आहे आणि मासिकाच्या मेळाव्यांचे वातावरण त्यात जवळून दिसते. कॅथलीन बेल्यूचे ‘ब्रिंग द वॉर होम’ (२०१८) हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाचे, गोऱ्या वर्चस्ववादी चळवळीचा इतिहास सांगणारे. दोन्ही भक्कम आहेत, पण दोन्हींचा विषय मासिकापेक्षा मोठा आहे आणि मासिक त्यांत एका विशिष्ट बाजूने येते. बेल्यूच्या पुस्तकावरून मासिकाचे सगळे वाचक त्या चळवळीतले होते असे लिहिले तर ते लेखिकेचे विधान राहत नाही, तुमचे होते. बंदुकांची परीक्षणे वाचायला अंक घेणारा, घरी बसून युद्धाची स्वप्ने पाहणारा आणि खरोखर बंदूक घेऊन निघणारा, असे नाना तऱ्हेचे लोक एकच अंक विकत घेत होते. त्यांचे प्रमाण सांगणारा आकडा देताना वर खपाबद्दल म्हटलेली सगळी सावधगिरी लागू होते.

मृतांच्या कुटुंबीयांची नावे हा वेगळा विषय आहे. खटल्याच्या शीर्षकात जे नाव आहे ते अटळ आहे, कारण त्याशिवाय निकालपत्र सापडणार नाही. त्यापलीकडे कुणाच्या आईचे, मुलाचे, गावाच्या पत्त्याचे तपशील नोंदीत आणून वाचकाला काही जास्त कळत नाही. त्या घरांत त्या वेळी लहान असलेली मुले आज मोठी माणसे आहेत. खुनाचे वर्णन निकालपत्रात असले तरी एका वाक्यात आटोपावे.

शेवटचा तुकडा: ‘मासिक बंद पडले.’ खटल्यांमुळे ते बंद पडले नाही. ब्रॉनच्या निकालानंतरही ते दोन दशकांहून जास्त काळ छापून निघत होते. छापील आवृत्ती एप्रिल २०१६ च्या अंकानंतर थांबली आणि प्रकाशन इंटरनेटवर गेले. २०२२ मध्ये ब्राउनने ते पत्रकार सुसान कॅट्झ कीटिंग यांना विकले. तेव्हा ‘होते’ की ‘आहे’ हा प्रश्न नोंदीच्या पहिल्याच वाक्यात येतो. छापील मासिकाला भूतकाळ वापरा, प्रकाशनाला वर्तमानकाळ, आणि मालकीबद्दलच्या वाक्यात वर्ष घाला, म्हणजे उद्या मालक पुन्हा बदलला तर नेमकी कुठली ओळ जुनी झाली ते पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला लगेच दिसेल.